संग्रह विक्रीला काढण्याआधी: एनएफटी कॉन्ट्रॅक्टच्या किल्ल्या कोणाकडे आणि कधीपर्यंत

एनएफटी म्हणजे डिजिटल वस्तूची मालकी सांगणारं ब्लॉकचेनवरचं टोकन, आणि त्याचे नियम चालवणारा कोड म्हणजे कॉन्ट्रॅक्ट. हे कॉन्ट्रॅक्ट लिहून मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. ओपनझेपलिन या तयार कॉन्ट्रॅक्टच्या संग्रहाच्या विझार्डवर चार चौकटींत टिकमार्क केले की सॉलिडिटी भाषेतला चालणारा कोड हातात येतो. म्हणून इथे कोड देत नाही. माझ्याकडे कलाकार येतात ते 'कॉन्ट्रॅक्ट लिहून द्या' म्हणत, आणि पहिल्या भेटीत मी लॅपटॉप उघडतच नाही. कोरा कागद घेते आणि विचारते: दर कोण बदलू शकणार? चित्रं कोण बदलू शकणार? पैसे कुठे जाणार? आणि यातलं काय कधी कायमचं बंद होणार? याची उत्तरं ठरली नसतील तर मिंटची, म्हणजे टोकन काढून विकायची, तारीख जाहीर करू नये, एवढं माझं ठाम मत आहे.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पानं असतात. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. माझ्या एका चित्रकार मैत्रिणीने ही १२० पानं तिच्या पद्धतीने डिजिटल काढली. प्रत्येक पानाच्या दहा प्रती, प्रत्येक प्रतीवर तिचा अनुक्रमांक, म्हणजे एकूण १,२०० टोकन. कोणतं पान हाती येईल ते खरेदीदाराला विक्री संपेपर्यंत कळणार नाही. राजाचं पान सगळ्यांनाच हवं असतं, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टची अर्धी डोकेदुखी याच एका अटीतून आली.

साचा आणि साखळी

इथेरियम या साखळीवर (ब्लॉकचेनवर) दोन साचे रूढ आहेत. ईआरसी-७२१ मध्ये प्रत्येक टोकन वेगळं, स्वतःच्या क्रमांकाचं. ईआरसी-११५५ मध्ये एकाच क्रमांकाच्या कितीही प्रती काढता येतात. गंजिफ्याच्या प्रती हुबेहूब सारख्या असत्या तर मी डोळे मिटून ११५५ घेतला असता: १२० क्रमांक, प्रत्येकाच्या दहा प्रती. पण तिला 'रामाचा राजा, दहापैकी तिसरी प्रत' अशी नोंद हवी होती, म्हणून ७२१.

एकाच वेळी चार-पाच घेणारे लोक अपेक्षित असतील तर ईआरसी-७२१ए हा प्रकार बघा. अझुकी संग्रहाच्या चमूने तो जानेवारी २०२२ मध्ये आणला. त्यात एका व्यवहारात पाच टोकन काढली तरी गॅस, म्हणजे साखळीवरच्या व्यवहाराचं शुल्क, एका टोकनाच्या आसपासच राहतो. ही उधारी नंतर थोडी फेडावी लागते, कारण गठ्ठ्याच्या मधलं टोकन पहिल्यांदा दुसऱ्याला पाठवताना गॅस जरा जास्त जातो. ओपनझेपलिनचं 'एन्युमरेबल' हे जोडकाम मात्र 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून घेऊ नका. दर मिंटला ते जादा नोंदी लिहितं आणि त्याचं बिल खरेदीदार भरतो.

साखळी निवडताना विक्रीचा दर आणि गॅस शेजारी शेजारी लिहून बघा. एप्रिल २०२२ च्या अखेरीस अदरसाइड या आभासी जगातले ५५,००० भूखंड इथेरियमच्या मुख्य साखळीवर विकायला आले तेव्हा लोकांनी नुसत्या गॅसपोटी १५ कोटी डॉलरहून जास्त घालवले. त्यातले कित्येक व्यवहार फसले, तरी गॅस कापला गेलाच. इथेरियमच्या मार्च २०२४ मधल्या डेन्कुन सुधारणेनंतर बेस, ऑप्टिमिझमसारख्या दुसऱ्या थरातल्या, म्हणजे इथेरियमच्या आधाराने चालणाऱ्या साखळ्या खूपच स्वस्त झाल्या. पॉलिगॉन तर आधीपासूनच स्वस्त होती. आम्ही बेस घेतली, कारण तिथे दर इथरमध्येच, म्हणजे इथेरियमच्या चलनातच ठेवता येतो.

आणि स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट लागतंच का? वीस-पंचवीस चित्रं विकायची असतील तर मॅनिफोल्ड किंवा थर्डवेबसारखी तयार सोय पुरते. फक्त 'तयार आहे म्हणजे आपल्याला बघायला नको' असं समजू नका. डिसेंबर २०२३ मध्ये थर्डवेबने आपल्या काही तयार कॉन्ट्रॅक्टमध्ये सुरक्षेची फट असल्याचं जाहीर केलं, आणि ती बुजवायला मालकांना स्वतः येऊन जुनं कॉन्ट्रॅक्ट गोठवावं आणि नव्यावर जावं लागलं. ज्यांच्याकडे ओनर वॉलेटच (कॉन्ट्रॅक्टच्या मालकाचं, किल्ली असलेलं खातं) उरलं नव्हतं, त्यांच्या हातात काही नव्हतं.

अधिकारांचा कागद

कॉन्ट्रॅक्टमध्ये जिथे जिथे 'फक्त ओनर' असं लिहिलेलं असतं, तो एक अधिकार. कोड वाचता येत नसला तरी ही फंक्शन कोणती, ते तुमच्या डेव्हलपरकडून मराठीत लिहून घ्या. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: कोण वापरणार, कशासाठी, आणि कधी संपणार. आमच्या कागदावर काय होतं ते सांगते.

दर. विक्री सुरू होईपर्यंत बदलता येतो, पहिलं पान विकलं गेलं की नाही. लोक म्हणतात, 'विक्री मंदावली तर दर उतरवता यायला हवा ना?' मला ते पटत नाही. ज्याने पहिल्या तासात पूर्ण पैसे मोजले त्याने काय घोडं मारलंय? दर उतरत जाणारच असेल तर डच लिलाव करा आणि उतरण आधीच कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहा.

एकूण संख्या. १,२०० च्या वर कधीच नाही, खाली आणता येते. पानं उरली तर संख्या तिथेच गोठवायची. वर न्यायचा अधिकार कोणालाही ठेवू नका, स्वतःलाही नाही.

चित्रांचा पत्ता, म्हणजे ज्याला बेस यूआरआय म्हणतात तो. रिव्हीलच्या वेळी, म्हणजे खरी चित्रं उघड करताना, एकदा बदलायचा, मग कुलूप लावायचं. हे कुलूप एकाच दिशेने फिरणारं असावं: एकदा लावलं की ओनरलाही उघडता येऊ नये. हा अधिकार मोकळा राहिला तर दोन वर्षांनी ज्याच्या हाती ती किल्ली पडेल तो रामाच्या राजाच्या जागी काहीही लावू शकेल.

थांबवणं. मिंट थांबवता यावं, टोकनची देवाणघेवाण थांबवता येऊ नये. बरेच साचे दोन्ही एकत्र थांबवतात, ते मी वेगळं करून घेते. लोकांनी विकत घेतलेली वस्तू गोठवायचा हक्क कलाकाराला कशाला हवा?

राखीव मिंट. कुटुंबासाठी, मदत करणाऱ्यांसाठी काही पानं काढून ठेवायची असतात. त्यांची संख्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पक्की लिहायची, आणि ती विक्रीच्या आधी काढायची. नंतर काढली आणि योगायोगाने त्यात दोन राजे निघाले, तर तुम्ही कितीही सज्जन असलात तरी कोणी विश्वास ठेवणार नाही.

मालकी. हा सगळ्यांच्या मुळाशी असलेला अधिकार. डिप्लॉय करणारं, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट साखळीवर चढवणारं वॉलेट आपोआप ओनर होतं असा अनेकांचा समज असतो. ओपनझेपलिनच्या पाचव्या आवृत्तीपासून ओनरचा पत्ता डिप्लॉय करतानाच सांगावा लागतो, आणि ते चांगलंच आहे. तिथे रोजच्या वापरातल्या ब्राउझर वॉलेटचा पत्ता देऊ नका. सेफ या सेवेवर तीनपैकी दोन सह्यांचं वॉलेट करा आणि त्याचा पत्ता द्या. आमच्या तीन सह्या म्हणजे मैत्रीण, तिचा भाऊ आणि मी. तिघांच्याही किल्ल्या हार्डवेअर वॉलेटवर, आणि किल्ली परत मिळवायचे बारा किंवा चोवीस शब्द कागदावर. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला फोटो चालणार नाही. मालकी बदलायचं फंक्शन साधं न घेता दोन पायऱ्यांचं घ्या, 'ओनेबल टू-स्टेप' नावाचं: जुना ओनर देतो म्हणतो, नवा येऊन घेतो म्हणतो, तेव्हाच बदल होतो. पत्त्यात एक अक्षर चुकलं तरी कॉन्ट्रॅक्ट अनाथ होत नाही.

नंतर बदलता येणारं, म्हणजे प्रॉक्सीवरचं कॉन्ट्रॅक्ट हवं का, हेही याच कागदावर येतं. चित्रसंग्रहासाठी माझं उत्तर नाही. प्रॉक्सी ठेवलं की वरच्या सगळ्या बंधनांना अर्थ उरत नाही, कारण ओनर पूर्ण कोडच बदलू शकतो.

हा कागद आम्ही तसाच्या तसा विक्रीच्या पानावर टाकला. मिंट करताना असं काही वाचतं कोण, असं मैत्रिणीला वाटत होतं. मोठे संग्राहक वाचतात, आणि कॉन्ट्रॅक्टशी ताडूनही बघतात.

यादी आणि मर्यादा

आधी ओळखीच्यांना, मग सगळ्यांना, अशी विक्री असेल तर अलाउलिस्ट, म्हणजे आधी घेऊ शकणाऱ्या पत्त्यांची यादी लागते. शेकडो पत्ते कॉन्ट्रॅक्टमध्ये भरणं महाग पडतं, म्हणून मर्कल रूट वापरतात. सगळ्या यादीतून ३२ बाइटांचा एक ठसा निघतो, तेवढाच कॉन्ट्रॅक्टमध्ये राहतो, आणि खरेदीदाराचं वॉलेट आपण यादीत असल्याचा पुरावा मिंटच्या वेळी सोबत आणतं. हे वेबसाइट आपोआप करते, खरेदीदाराला जाणवतही नाही. अडचण होते ती शेवटच्या क्षणी. 'अगं, आणखी चार नावं घाल ना' असा फोन येतो. नावं घातली की रूट बदलतो, आणि रूट बदलला की जुने सगळे पुरावे रद्द होतात. त्यामुळे कॉन्ट्रॅक्टमधला रूट आणि साइटवरची यादी एकाच वेळी बदलावी लागते, नाहीतर यादीतल्या सगळ्यांनाच 'तुम्ही यादीत नाही' असं दिसतं. आम्ही यादी आदल्या दिवशी दुपारी बंद करायचं ठरवलं आणि ते फोनवर सांगायचं काम भावाकडे दिलं.

प्रत्येकी किती, ही मर्यादा माणसाला लागत नाही, वॉलेटला लागते. डिसेंबर २०२१ मध्ये आदिदासने आपल्या एनएफटीच्या विक्रीत प्रत्येकी दोनची मर्यादा ठेवली होती. एकाने एकाच व्यवहारात १६५ छोटी कॉन्ट्रॅक्ट उभी केली आणि ३३० टोकन उचलली. यावर 'कॉन्ट्रॅक्टकडून मिंट नकोच' अशी अट टाकायचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. त्यात सेफसारखी वॉलेट वापरणारे प्रामाणिक लोकही बाहेर पडतात. शिवाय इथेरियमच्या मे २०२५ मधल्या पेक्ट्रा सुधारणेपासून साध्या वॉलेटलाही कोड जोडता येतो, त्यामुळे त्या अटीतला दम गेलाय. खरोखर मर्यादा पाळायची असेल तर यादीच्या टप्प्यातच जास्तीत जास्त पानं विका. खुल्या टप्प्यात बॉट येणार हे धरूनच चाला.

मर्यादेची नोंद कधी होते, तेही डेव्हलपरला विचारा. 'सेफमिंट' हे मिंटचं फंक्शन टोकन देताना समोरच्या कॉन्ट्रॅक्टला हाक मारतं, आणि ते कॉन्ट्रॅक्ट त्याच क्षणी पुन्हा मिंट मागू शकतं. तोवर 'याने एक घेतलं' ही नोंद झालेली नसेल तर मर्यादा कागदावरच राहते. फेब्रुवारी २०२२ मध्ये हाइपबेअर्स या संग्रहाच्या बाबतीत हेच झालं. नियम साधा आहे: आधी तपासा, मग नोंदवा, मग द्या.

राजा कोणाला, हे कोणी ठरवायचं

मे २०२१ मध्ये मीबिट्स या संग्रहाच्या विक्रीत एकाने शक्कल लढवली. मिंट करायचं, कोणतं टोकन आलं ते त्याच व्यवहारात बघायचं, दुर्मीळ नसेल तर व्यवहारच उलटवायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. गॅस गेला, पण शेवटी हवं ते टोकन मिळालं. कोणत्या क्रमांकावर काय आहे ते मिंटच्या क्षणी कळत असलं की हे होणारच.

म्हणून विक्रीभर सगळ्या टोकनांना एकच चित्र दाखवायचं. आमच्याकडे ते गंजिफ्याच्या पानाची पाठ होतं. खरी चित्रं विक्री संपल्यावर. यात तीन गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली, खऱ्या चित्रांच्या फायली आधी कुठेही सार्वजनिक करू नका. आयपीएफएस या अनेक संगणकांवर पसरलेल्या साठवणीत टाकलेलं फोल्डर 'पत्ता कोणाला माहीत नाही' म्हणून गुप्त राहत नाही.

दुसरी, चित्रांचा क्रम आधीच पक्का केल्याचा पुरावा द्या. सर्व १,२०० चित्रांचे हॅश (फाइलवरून काढलेले आकडी ठसे) ठरलेल्या क्रमाने जोडून त्यांचा एक हॅश काढायचा आणि विक्रीच्या आधी कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहायचा. याला प्रॉव्हेनन्स हॅश म्हणतात. क्रम आधी नीट पिसून घ्या. आमची मूळ फोल्डर अवतारांप्रमाणे होती. तशीच ठेवली असती तर सलग पाच पानं घेणाऱ्याला मत्स्याचा राजा, प्रधान, एक्का असं ओळीने मिळालं असतं.

तिसरी, क्रम तुम्हाला माहीत आहे, म्हणून सुरुवात कुठून होणार ते तुम्हाला माहीत नसावं. त्यासाठी विक्री संपल्यावर एक यादृच्छिक आकडा घ्यायचा आणि सगळा क्रम तेवढ्या घरांनी पुढे सरकवायचा. हा आकडा ब्लॉकच्या हॅशवरून काढू नका, ब्लॉक बनवणाऱ्याला त्यात थोडा हात घालता येतो. चेनलिंकची व्हीआरएफ ही पडताळता येणारा यादृच्छिक आकडा देणारी सेवा घ्या. आकडा एकदाच मागता येईल अशी अट हवी, नाहीतर 'आवडेपर्यंत मागत राहिले' असा आरोप होतो आणि तो खोडून काढता येत नाही.

आता सरकवण्याचं गणित जवळून बघा, कारण इथे एक पान हमखास हरवतं. समजा आकडा आला ४३७. टोकन १ ते १,२०० आणि फायलीही १ ते १,२००. सरळ विचार करणारा माणूस लिहितो: टोकनच्या क्रमांकात ४३७ मिळवा, १,२०० ने भागा, बाकी राहील ती फाइल. टोकन १ ला फाइल ४३८, बरोबर. टोकन ७६३ ला बघा: ७६३ अधिक ४३७ म्हणजे १,२००, बाकी शून्य. शून्य नावाची फाइलच नाही. त्या खरेदीदाराला कोरी चौकट दिसते, आणि १,२०० क्रमांकाची फाइल कोणाच्याच वाट्याला येत नाही. उपाय एवढाच, की आधी एक वजा करायचा आणि बाकी काढल्यावर एक मिळवायचा. ७६२ अधिक ४३७ म्हणजे १,१९९, त्यात एक मिळवला की १,२००. पुढच्या ७६४ ला फाइल १. दहा-वीस टोकन तपासून हे सापडत नाही. सर्व १,२०० टोकनांवर फंक्शन चालवून प्रत्येक फाइल नेमकी एकदाच येते का, ते बघायचं. संगणकाला त्याला क्षणभर लागतो.

आयपीएफएसबद्दल एवढंच सांगते: फाइल तिथे 'टाकली' म्हणजे कायमची राहिली असं नसतं, कोणीतरी ती पिन करून, म्हणजे आपल्या संगणकावर राखून ठेवावी लागते. दोन वेगळ्या सेवांवर पिन करा आणि एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. कंपनीच्या सर्व्हरवर तर ठेवूच नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही क्रिप्टो बाजारपेठ बुडाल्यावर त्यांच्या सर्व्हरवर अवलंबून असलेल्या एनएफटींची चित्रं दिसेनाशी झाली; टोकन मात्र लोकांच्या वॉलेटमध्ये तशीच होती.

पैसे बाहेर कसे येतात

कलाकार मिंटचं फंक्शन दहादा बघतात, पैसे काढायचं फंक्शन कोणी बघत नाही. एप्रिल २०२२ चं ॲकुटार्स या संग्रहाचं प्रकरण म्हणूनच मी प्रत्येकाला सांगते. डच लिलाव होता, जास्त पैसे भरणाऱ्यांना फरक परत मिळायचा होता, आणि सगळे परतावे झाल्यावरच चमूला आपले पैसे काढता येणार होते. परतावे मोजले जात होते बोली लावणाऱ्यांप्रमाणे, ते होते ३,६६९. तुलना केली जात होती बोलीतल्या नगांशी, ते होते ५,४९५. एकाने दोन-तीन नग घेतले की हे आकडे कधीच जुळणार नाहीत. ११,५३९ इथर, तेव्हाचे सुमारे ३.४ कोटी डॉलर, कॉन्ट्रॅक्टमध्ये कायमचे अडकले. चोरी झाली नाही, कोणी हॅक केलं नाही. एक अट चुकली.

म्हणून पैसे काढण्यावर जितक्या कमी अटी तितकं बरं. आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एकच होती: कोणीही फंक्शन चालवलं तरी पैसे ठरलेल्या पत्त्यांवरच जातील. मैत्रिणीचा वाटा ८५ टक्के, माझा १५, दोघींचे पत्ते डिप्लॉय करतानाच पक्के. शिवाय प्रत्येकीने आपला वाटा स्वतः येऊन घ्यायचा, दोघींना एकाच व्यवहारात पाठवायचं नाही. एकत्र पाठवताना एका पत्त्याने पैसे नाकारले तर दुसरीचेही अडकतात.

पत्ता सेफचा असेल तर आणखी एक तपासा. जुन्या शिकवण्यांमध्ये पैसे पाठवायला सॉलिडिटीचं 'ट्रान्सफर' वापरलेलं असतं. ते समोरच्याला फक्त २,३०० गॅस देतं, आणि सेफसारख्या वॉलेटला तेवढा पुरेलच असं नाही. तिथे 'कॉल' वापरा, आणि तो यशस्वी झाला का ते तपासा.

किंमत घेताना 'इतके किंवा जास्त' असं न लिहिता 'नेमके इतके' असं लिहा. जास्त आलेले पैसे परत करायचं काम मग उरतच नाही.

रंगीत तालीम

फाउंड्री किंवा हार्डहॅटमधल्या चाचण्या डेव्हलपर लिहीलच. तुम्ही फक्त काठावरचे प्रसंग मागा: ११९९ पानं गेल्यावर कोणी दोन मागितली तर? टप्पा बदलण्याच्या त्याच सेकंदाला आलेला व्यवहार? दहाचा कोटा असलेल्याने अकरावं मागितलं तर? आणि मग टेस्टनेटवर, म्हणजे खोट्या पैशांच्या सरावाच्या साखळीवर, आमच्या बाबतीत बेस सेपोलियावर, पूर्ण विक्री करून बघा. तिथेही खरं सेफ वॉलेट करून पैसे काढेपर्यंत जा, मिंट झालं की 'चाललं!' म्हणून थांबू नका.

खऱ्या साखळीवर डिप्लॉय केल्यावर सोर्स कोड एक्सप्लोररवर (साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर) व्हेरिफाय करा, म्हणजे तो सगळ्यांना वाचता येतो. नंतर जाहीर विक्रीच्या आधी यादीचा टप्पा फक्त स्वतःच्या पत्त्यापुरता उघडून, पूर्ण पैसे भरून, एक पान स्वतः विकत घ्या आणि लगेच पैसे काढून बघा. रक्कम दोन्ही वॉलेटमध्ये पोचली की मगच खरा रूट बसवा. हा आमच्या सगळ्या तयारीतला सर्वांत स्वस्त विमा होता. दर मात्र या एका विक्रीने गोठतो, तेव्हा तो आधीच पक्का असू द्या.

विक्रीचा दिवस

टप्पे हाताने उघडायचे की वेळेवर आपोआप? मला वेळ आवडते, कारण सह्या करणारा माणूस नेमका त्याच क्षणी लोकलमध्ये अडकतो. पण कॉन्ट्रॅक्टमधली वेळ यूटीसी असते. रात्री आठला उघडायचं तर दुपारचे अडीच लिहायचे.

कॉन्ट्रॅक्टचा पत्ता एकाच ठिकाणी जाहीर करा आणि आधीच सांगून ठेवा की तो दुसरीकडे कुठे दिसला तर खोटा समजा. आणखी एक गोष्ट खरेदीदारांना ठळक अक्षरांत सांगा: मिंट करताना वॉलेट एकच व्यवहार मागेल, पानाच्या किमतीचा. 'तुमची सगळी टोकन हाताळायची परवानगी द्या' असं काही आलं तर साइट खोटी आहे, बंद करा. बहुतेक लुबाडणूक त्या एका परवानगीतून होते.

गडबड वाटली तर थांबवा. थांबवायचा निर्णय कोण घेणार आणि दुसरी सही कोण करणार, हे कागदावर आधीच असतं, त्यामुळे त्या वेळी फोनाफोनी करावी लागत नाही.

विक्री संपल्यावर

क्रम असा ठेवा. आधी उरलेली संख्या गोठवा. मग यादृच्छिक आकडा मागा. मग खऱ्या चित्रांचा पत्ता बसवा आणि ईआरसी-४९०६ मधला इव्हेंट सोडा, म्हणजे बाजारपेठांना चित्रं बदलल्याचं कळतं. नाहीतर लोक दोन दिवस पानाची पाठच बघत बसतात आणि तुम्हाला शिव्या घालतात. काही दिवस तक्रारी येऊ द्या, एखादी फाइल चुकली असेल तर दुरुस्त करा, मग कुलूप. रिव्हीलच्याच रात्री कुलूप लावायची घाई नको.

रॉयल्टीवर, म्हणजे पुढच्या प्रत्येक विक्रीतल्या वाट्यावर, घर चालवायचे बेत करू नका. ईआरसी-२९८१ बाजारपेठेला फक्त सांगतं की किती द्यायचे आणि कोणाला. कॉन्ट्रॅक्टमध्ये ५०० (दहा हजारांपैकी) लिहिलं तर पाच टक्के. द्यायचे की नाही ते बाजारपेठ ठरवते. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस ओपनसी या बाजारपेठेने रॉयल्टीची सक्ती काढून घेतली. सक्ती करणारी कॉन्ट्रॅक्ट आहेत, पण ती टोकन कुठे विकायचं यावर बंधन घालतात. आम्ही पाच टक्के लिहिले आणि जे येईल ते वरकड धरलं.

टोकनसोबत चित्राचा कॉपीराइट जात नाही, हे विक्रीच्या पानावर साध्या भाषेत लिहा. भारतातल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देऊन टाकायचे तर लेखी, सही केलेला करार लागतो. घेणाऱ्याने चित्र प्रोफाइलला लावावं, छापून घरात लावावं, टी-शर्ट विकू नयेत, एवढं आम्ही चार ओळींत लिहिलं.

कराचं: २०२२ च्या अर्थसंकल्पापासून अशा मालमत्तेच्या विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहे, खरेदी किमतीशिवाय दुसरा खर्च वजा होत नाही, तोटा दुसऱ्या कशातून वळता करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून एक टक्का टीडीएस आहे. कलाकाराने स्वतः मिंट केलेल्या चित्राची पहिली विक्री यात बसते की व्यवसायाच्या उत्पन्नात, हा प्रश्न मिंटच्या आधी सीएपुढे ठेवा. त्यांना हवा असलेला तक्ता तुम्हीच करायचा आहे: तारीख, व्यवहाराचा हॅश, इथर, आणि त्या दिवशीचे रुपये. मार्चमध्ये बसून जुने दर शोधण्यापेक्षा त्याच रात्री भरा.

उरली मालकी. ती सोडून द्यायचं एक फंक्शन असतं, आणि 'आता हे कोणाच्याच हातात नाही' असं अभिमानाने जाहीर करायचा मोह होतो. पैसे काढायचा अधिकार ओनरकडे असेल आणि आत रक्कम शिल्लक असेल तर ती गेलीच समजा, म्हणून आधी शिल्लक शून्य करा. आम्ही मालकी सोडली नाही. कागदावरच्या सगळ्या ओळी संपल्या होत्या; उरल्या होत्या दोनच, रॉयल्टीचा पत्ता आणि संग्रहाच्या माहितीचं पान. त्या सेफकडे ठेवल्या आहेत. तिघांपैकी कोणाची किल्ली हरवली तर बाकी दोघांनी आठवड्याच्या आत तिच्या जागी नवा पत्ता बसवायचा, ही ओळ कागदाच्या तळाशी वाढवली आहे आणि तिघांनी त्याखाली पेनाने सह्या केल्या आहेत.